देवी न आलेला शुक्रवार

ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक माणूस पालथा पडला होता.

केशरनं कमरेवरची घागर घट्ट धरली आणि ती जागच्या जागी थबकली. अजून उन्हं यायची होती. त्या दुष्काळी साली बोरखेडच्या शिवारात गुरं अशी पडलेली तिनं पाहिली होती. माणूस पहिल्यांदाच पाहत होती. हनुवटी वाळूत रुतलेली, दोन्ही हात पसरलेले, पटका सुटून बाजूला...

"अगं बाई! मेला का काय?"

"मेलो न्हाई," तो माणूस ओठ न हलवता म्हणाला. "पण तुमी अशाच उभ्या राहिल्याव तर माझं काम मरंल. खाली बसा."

"माझ्याच गावच्या ओढ्यात मला बसा म्हणायचं?"

"मग उडून जा. पण उभं ऱ्हाऊ नका."

काय झालं कुणास ठाऊक — केशर खरंच बसली. घागर मांडीवर घेऊन तो बघत होता तिकडं बघू लागली. वाळू, दगड, एक सुकलेलं तरवडाचं झुडूप. बस.

"काय बघायलाव?"

"वाफ. दूध तापाया लागलं की पहिल्यांदा निघती ना, तशी. भुईखाली पाणी असलं तर उन्हं यायच्या आधी दिसती."

"दिसली?"

"दिसायलीच होती..." त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "मग तुमी आलाव."

तो उठून बसला. पंचविशीच्या आतबाहेरचा, उन्हानं रापलेला, आणि हनुवटीला वाळूची पांढरी दाढी चिकटलेली. केशरला हसू फुटलं. किती दिवसांनी हसली, तिचं तिलाच आठवेना. तो मात्र हसला नाही. पाहतच राहिला, जणू ती वाफ आता इकडून निघत होती.

"कुणाच्या तुमी?" त्यानं विचारलं.

"हितल्याच," केशर म्हणाली आणि झटकन उठली. तिचं हसू मावळलं होतं. हा माणूस कोण ते तिला कळलं होतं. केजकडचा बंकट पाणाड्या. जमिनीखालचं पाणी सांगायला पाटलांनी त्याला बोलावून घेतलं होतं. आणि त्यानं सांगितलेलं पाणी खरं की खोटं, ते शुक्रवारी देवी सांगणार होती.

देवी केशरच्या अंगात येत होती.

असं गाव म्हणायचं.

बारा वर्षांची असताना एका नवरात्रात, आईसोबत दळत असताना, ते पहिल्यांदा झालं. जात्याची घरघर चालली होती आणि एकाएकी आत सगळं गप्प झालं. भिंत, दिवा, पीठ, आईचा हात — सगळं एकाच मायेनं भरून आलं आणि केशर थरथरू लागली. आईनं, बायनाबाईनं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. त्या दिवसापासून विधवेच्या त्या घराला मान आला. बायका ओटी घेऊन येत, पुरुष उंबऱ्याबाहेर वहाणा काढत. फक्त केशरला मागणी घालायला कुणी आलं नाही. देवीची पोरगी घरात कोण नेणार?

पण गेली दोन वर्षं देवी आलीच नव्हती. केशर केस सोडायची, अंग हलवायची, काहीबाही बोलायची, आणि लोकांचे थकलेले चेहरे पाहून आणखी जोरानं हलायची. कधीतरी उघडं पडणार, ही भीती तिची पाठ सोडत नव्हती.

त्यात हा दुष्काळ. गावची विहीर आटली होती; ओढ्यापलीकडच्या झऱ्यात घागरभर पाणी तेवढं उरलं होतं. तहसीलदारसाहेब घोड्यावरून आले, सरकारी उर्दूत काहीतरी बोलले आणि निघून गेले. शेवटी सुंदरराव पाटलांनी पारावर ठरवून टाकलं, "माणसांच्या अंगात आता एकाच विहिरीपुरती ताकद उरलीय. पाणाड्याची जागा न् देवीची जागा एक निघाली, तरच कुदळ मारायची."

शुक्रवारी अंगण भरून गेलं. उदाच्या धुरात केशर घुमू लागली. पाटलांनी हात जोडून विचारलं, "आई, पाणी कुठं हाय?" केशरनं पापण्यांच्या फटीतून हळूच पाहिलं — आणि समोरच, मांडी घालून, बंकट बसलेला! त्याचे डोळे आधी विस्फारले, मग बारीक झाले. केशर घुमायचंच विसरली. आणि मग घाईघाईनं ओरडली, "फुडल्या शुक्रवारी! फुडल्या शुक्रवारी सांगीन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यात तिची वाट पाहतच होता.

"देवीला डोळं किलकिलं करून बघावं लागतं व्हय?"

केशरच्या हातातून घागर निसटली. "कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू?"

"सांगू नका. पाया पडते तुमच्या. माझी आय..." तिनं पदर डोळ्यांना लावला.

"अगं, अगं... रडू नकोस." अहोजाहो केव्हा गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही. त्यानं कमरेला खोचलेली, पाणी हुडकायची उंबराची फांदी काढली, दोन्ही मुठींत धरली. फांदी थरथरत खाली वळली. "दिसलं? लोक म्हणत्यात, पाणी वढतंय. आता माझ्या मनगटाकडं बघ."

केशरनं पाहिलं. मनगट हळूच फिरत होतं.

"तुमीच फिरवताव?"

"मीच. माझ्या बापाच्या हातात ती खरंच फिरायची म्हणं. मला न्हाई जमत. गेल्या साली आष्टीकडं गेलतो. जागा दाखवली, गावानं खणलं, कोरडी निघाली. कुणी शिवी दिली न्हाई. एका म्हाताऱ्यानं उलट भाकर दिली, म्हणला, जा बाबा, तुझा बी काय दोष. त्या भाकरीनं माझी झोप गेली बघ."

केशरनं एकदा फांदीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मग केशरला हसू आलं, मग त्याला. आणि हसता हसता दोघांनाही एकदमच भीती वाटली. अख्खं गाव दोन अशा माणसांच्या तोंडाकडं डोळे लावून बसलं होतं, ज्यांना काहीच माहीत नव्हतं.

"मग तुमी वाळूत पडून काय करत होताव?" तिनं विचारलं.

"ते खरं हाय. बाप सांगायचा, आधी आपल्या आतला कालवा, समदा कलकलाट, बंद कर, मग भुईचं ऐकू येतं. फांदी लोकांसाठी, कान आपल्यासाठी."

केशरनं त्याच्याकडं चमकून पाहिलं. "आतला कालवा बंद झाला..." ती हळूच म्हणाली. "मला बी तसंच झालतं. दळताना. कुणाला सांगता आलं न्हाई कधी."

"मला सांग की."

आणि तिनं सांगितलं. आईलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं, घागर कोरडी ठेवून.

त्यानंतर रोज उजाडताना दोघं शिवारात भेटू लागले. ती शेण्या वेचायच्या निमित्तानं, तो जागा पाहायच्या. मध्ये दहा हात अंतर; गावाला बोलायला जागा नको! न बोलता चालायचं, न बोलता थांबायचं. वारूळ कुठं आहे, कुठल्या बाभळीला अजून पाला आहे, कुत्री पिलं घेऊन कुठल्या बांधाशी निजते. सुरुवातीला केशरच्या डोक्यात शुक्रवारच गरगरत असायचा. मग हळूहळू ती पावलांकडं लक्ष देऊ लागली. एक पाऊल, मग दुसरं. आणि एका सकाळी, छबुबाई म्हातारीच्या पडीक रानात, ते जुनं गप्पपण अलगद येऊन तिच्या आत बसलं. अंग थरथरलं नाही. केस सुटले नाहीत. फक्त पायाखालची माती तिला ओळखीची वाटली.

"बंकट," ती म्हणाली. पहिल्यांदाच नावानं. "हितं गार हाय."

तो आला. "मला न्हाई लागत."

"लागंल कसं? वहाणा काढा आधी."

त्यानं निमूटपणे वहाणा काढल्या. केशरच्या पावलाशेजारी पाऊल ठेवलं. क्षणभर थांबला. "हाय," तो कुजबुजला. "हाय गं..." त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, केशरला पायापासून कानापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं.

पण त्याच दुपारी सुंदरराव पाटील बायनाबाईच्या ओसरीवर आले. "बायनाबाई, देवीला म्हणावं, आमच्या मळ्यात, आंब्याखाली. पाणी समद्या गावाला देऊ. पाणाड्याला बी तसं बोललोय." बायनाबाईनं हात जोडले. पाटील गेल्यावर लेकीकडं न बघता म्हणाली, "तेवढं म्हण बाई. आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय."

केशरनं घास तसाच ठेवला.

शुक्रवारी पुन्हा अंगण भरलं. बायनाबाईनं लेकीचे केस मोकळे केले, उदाचं धुपाटणं समोर ठेवलं. केशरनं डोळे मिटले. मळ्यात म्हणावं आणि मोकळं व्हावं. की घुमत घुमत छबुबाईचं रान सांगावं? लोक ऐकतील, देवीचं म्हणून ऐकतील... आणि पाणी नाही लागलं, तर दोष देवीवर जाईल. आपल्यावर काहीच येणार नाही. तिला त्या सोपेपणाचीच किळस आली.

तिनं डोळे उघडले आणि केसांचा अंबाडा घातला.

"आज देवी आली न्हाई," ती म्हणाली. "दोन सालं झाली, आलीच न्हाई. मी सोंग केलं. तुमची तोंडं बघवत न्हवती म्हणून केलं."

बायनाबाईनं कपाळावर हात मारला आणि त्या एका आवाजानं सगळा गलका उठला. कुणी "पाप!" म्हणालं, कुणी थुंकलं. केशर बोलतच राहिली, "माझ्या पायाला छबुबाईच्या रानात गारवा लागलाय. तेवढंच मला ठावं हाय. पाणी लागंलच असं म्हणत न्हाई."

"आन् पाणाड्या तू?" पाटील गरजले. "तू का रं गप? बोल की!"

बंकट उठला. त्यानं उंबराची फांदी मोडून पाटलांच्या पायाशी ठेवली. "ही बी मीच फिरवत होतो, पाटील. आष्टीकडं माझी जागा कोरडी निघाली, ते बी आजच सांगतो. तुमच्या मळ्यात मला काय दिसलं न्हाई. छबुबाईच्या रानात दिसतंय."

"मग खणायचं कुणाच्या भरवशावर?"

मागून छबुबाई, नवऱ्यामागं एकटीनं रान सांभाळणारी म्हातारी, काठी टेकत उठली. "रान माझं हाय. पडूनच हाय. खरं बोलून कुणी खणाया आलं, हे मी पहिल्यांदा बघायले. मी येते पाटी उचलाया."

तिच्यामागून काहीजण निघाले. सगळे नाही. पाटील नाही. बायनाबाईही नाही. ती घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

खणणं सुरू झालं. माती निघाली, मुरूम निघाला आणि मग काळा पाषाण लागला. पहारीला ठिणग्या उडायच्या आणि खपली तेवढी निघायची. रोज एखादा माणूस कमी व्हायचा. पाणवठ्यावर बायका केशरला बघून पदर आवरायच्या. घरी आई ताट वाढायची, बोलायची नाही. केशर पाटी उचलायची, ओतायची, परत यायची. भीती उसळली की पाटीच्या वजनाकडं लक्ष द्यायची. शिवारात शिकली होती तसं, एक पाऊल, मग दुसरं. कधीकधी सगळं शांत व्हायचं. कधीकधी नुसतीच पाठ दुखायची.

एका दुपारी सगळे बाभळीखाली टेकलेले असताना बंकट वर आला. तळहात सोलवटून निघाले होते. केशरनं आपल्या वाटच्या तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतलं.

"वाया घालू नकोस."

"माझ्या वाटचं हाय. मी कायबी करीन."

तो हसला. मग हसू विझलं. "केशर... विहीर कोरडी निघाली तर?"

"गाव सोडावं लागंल, वाटतंय."

"मग माझ्यासंगं सोड."

तांब्या तिच्या हातातच राहिला. "आन् पाणी लागलं तर?"

"तर मी हितं ऱ्हातो. तुझ्यासंगं."

"म्हंजी पाण्याचा काय संबंध न्हाई?"

"न्हाई. म्हणून तर आज विचारतोय. पाणी लागल्यावर विचारलं असतं, तर मलाच माझा यकीन आला नसता." तो तळहाताकडं पाहत म्हणाला. "आतला कालवा बंद कर, बाप म्हणायचा. बंद केला की तिथं तूच बसलेली असतीस. काय करू सांग."

केशरला त्याच्याकडं पाहवेना. ती उठली, रिकामी पाटी त्याच्यापुढं धरली आणि कसंबसं म्हणाली, "पाटी भरा."

"हे काय उत्तर झालं?"

"आधी पाटी भरा!"

तो खाली उतरला. पहार पडू लागली. दगडाचा आवाज मघापर्यंत कोरडा, खणखणीत येत होता; आता तो जरा जड झाला. पहारीखालची एक मोठी खपली निघाली आणि तिच्यामागचा दगड काळा, ओला दिसला. मग एक बारीक धार आली. करंगळीएवढीच. बंकटनं ओंजळ धरली, ती भरली, आणि मग तो ओरडला.

बाभळीखालची माणसं धावली. गावातनं माणसं धावली. सुंदरराव पाटील आले, वाकून पाहिलं, आणि मुंडासं काढून हातात घेतलं. आणि त्या गर्दीतून वाट काढत बायनाबाई आली. विहिरीच्या काठाशी उभी राहिली. पाण्याकडं पाहिलं. मग चिखलात उभ्या असलेल्या बंकटकडं.

"ए पाणाड्या," ती ओरडली, "पोरीचं काय ठरवलंयस? सारं गाव बघायलंय तुमाला."

"मामी, मी तर विचारलंय," बंकट खालून म्हणाला. "ती म्हणली, पाटी भरा."

लोक हसले. कितीतरी दिवसांनी त्या गावात माणसं मोठ्यानं हसली. बायनाबाई मात्र हसली नाही. लेकीकडं वळून तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "आन् तुझं काय म्हणणं हाय गं?"

केशरचा चेहरा लालेलाल झाला. ती काठाशी बसली, वाकली, आणि सगळ्या गावादेखत तिनं खाली हात पुढं केला.

"वर या," ती म्हणाली. "आय विचारायलीय."

बंकट कातळाच्या खोबणींत पाय रोवत चढला, आणि चिखलानं माखलेला हात तिच्या हातात आला. तिनं ओढून त्याला काठावर घेतलं, आणि तो वर आल्यावरही हात सोडला नाही.