रक्तनोटीस

मगदुमांच्या घरी एकाच सकाळी दोन रक्तनोटिसा आल्या. भरतेशची आणि बहीण पद्मलची. थोरल्या भावाची, शांतिनाथची, काही आली नाही.

कागदोपत्री तिचं नाव 'वंशसूचना', पण इचलकरंजीत सगळे रक्तनोटीसच म्हणत. प्रत्येक सज्ञान माणसाच्या जनुकांची नोंद सरकारदरबारी झाली, त्याला आता बारा वर्षं होत आली होती. त्या लांबलचक नोंदीतलं कुठलं अक्षर घातक, हे मात्र शास्त्रज्ञांना एकेक करून उमगत होतं. एखाद्या घराण्यात तसं अक्षर सापडलं, की त्या रक्ताच्या प्रत्येक सज्ञान माणसाला कळवायचं, असा कायदा होता. यंदा मगदुमांचा एक चुलतभाऊ कबड्डी खेळताना कोसळला, नशिबानं वाचला, आणि त्यांचं अक्षर सापडलं. हृदयाचा स्नायू जाड करत नेणारं, एक दिवस ठोकाच चुकवणारं.

शांतिनाथला त्याचं नवल वाटलं नाही. आजोबा अडतिसाव्या वर्षी गेले होते. वडील एकेचाळिसाव्या वर्षी, चालू यंत्रमागासमोर. तेव्हा शांतिनाथ सतरा वर्षांचा होता. आपणही असेच जाणार, हे त्यानं त्याच दिवशी मनाशी धरलं. तो कधी धावला नाही, पोहला नाही. लग्न केलं, पण मूल होऊ दिलं नाही. राजमतीनं समजावून पाहिलं, अबोला धरला, एकदा दोन महिने माहेरी जाऊन राहिली. तो बधला नाही. "मी चाळिशीत गेलो तर त्या लेकराचं काय?" एवढंच म्हणायचा. आता तो एकोणपन्नास वर्षांचा होता आणि ती सेहेचाळीस.

आपली नोटीस कुठं अडकली, हे विचारायला तो कोल्हापूरच्या कार्यालयात गेला. तिथल्या वंशसल्लागार डॉ. इरावती घाटे यांनी त्याची नोंद उघडली.

"तुमच्यात हा दोष नाही, मगदूम."

"नाही?" तो खुर्चीतून अर्धा उठलाच. "म्हणजे मी सुटलो?"

"हो."

तो हसला. मग डोळे पुसून पुन्हा हसला. "हे असं कसं होतं, मॅडम? एकाच बापाची लेकरं आम्ही."

"प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून," त्या सवयीनं सांगू लागल्या. "वडिलांच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल, तर मुलाला ती मिळेल किंवा चांगली मिळेल. निम्मी निम्मी शक्यता. मिळाली म्हणजे आजार होणारच असंही नाही, पण धोका फार वाढतो. तुमच्या भावाला सत्तरीपर्यंत शंभरात अडुसष्ट. बहिणीला चांगली प्रत मिळाली, तिला काही धोका नाही."

"पण पद्मलला नोटीस आलीय की."

डॉक्टरांनी पडद्यावरची नोंद पुन्हा वरपासून वाचली.

"दोष नसला तरी नोटीस येते?" त्यानं विचारलं.

"रक्ताच्या प्रत्येक नातेवाइकाला येते."

"मग माझी?"

"नोंदीत चूक नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही लेखी विचारलंत तर मला कायद्यानं लेखी उत्तर द्यावं लागेल. नाही विचारलंत, तर हे कुणालाही कळणार नाही."

शांतिनाथला वडिलांचा चेहरा आठवू लागला, तशी त्याची बोटं आपल्याच नाकावरून, हनुवटीवरून फिरली.

"मी विचारलंच नाही, असं समजा," तो म्हणाला.

घरी सगळे पुढच्या सोप्यात बसले होते. भरतेशच्या हातात नोटीस होती. त्याच्या दोन मुली त्याला चिकटून बसल्या होत्या. त्या लहान, नोंद न झालेल्या; त्यांचीही तपासणी व्हायची होती. कोपऱ्यात चौऱ्याहत्तर वर्षांची आई जपमाळ घेऊन बसली होती.

"अण्णा, काय झालं?" भरतेशनं विचारलं. "तुझी आली का?"

शांतिनाथनं आईकडे पाहिलं. तिचे ओठ हलायचे थांबले होते. ती वर बघत नव्हती.

"आली," तो म्हणाला. "टपालात मागं राहिली होती. तुझ्यासारखंच आहे माझं."

भरतेशनं त्याला घट्ट मिठी मारली. "एकटा पडलो असं वाटत होतं रे मला," तो रडत म्हणाला. "छातीत यंत्र बसवायला दोघं बरोबरच जाऊ."

आई उठली आणि भिंतीला धरत आत निघून गेली.

राजमती त्याच्याजवळ येऊन बसली. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. कितीतरी वर्षांत तिनं तसा घेतला नव्हता.

"मी तुम्हाला फार बोलले हो तेव्हा," ती म्हणाली. "तुमचंच खरं होतं. बरं झालं, आपण मूल होऊ दिलं नाही."