हर्षालीची पेटी आणि खंडूची बोटं

देवळाली कॅम्पची बस यायची होती, म्हणून हर्षाली नाशिकच्या स्टँडवर बाकावर बसून पेटी वाजवत होती. लाकडाची नव्हे, मोबाईलच्या काचेवरची. ॲप तिनेच बनवलं होतं. तीन बोटं ठेवली, तीन सूर निघाले. बोटं उचलली, सूर थांबले.

"मॅडम... ही पेटी उंदीर खात नाय ना?"

शेजारी एक सावळा, उंच तरुण बसला होता. हसू दाबत होता.

"का हो?"

"आमच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता खाल्ला उंदरांनी. दिंडोरीचा आहे मी. खंडेराव."

तिने हसून फोन पुढे केला. त्याने अभंगाची चाल धरली. बोटं अशी फिरली की तिला वाटलं, काच मऊ झाली! एवढ्यात एक सूर अडकला आणि बोट नसतानाही घूं... करत राहिला.

"रुसली तुमची पेटी."

"तुम्हीच काहीतरी केलंत."

"मी? मी नुसता हात लावला."

दोघांच्याही बस गेल्या. दोघांनीही जाऊ दिल्या.

मग बागेतल्या द्राक्षांचा माल बाजार समितीत टाकून झाला की खंडू कॉलेज रोडच्या तिच्या ऑफिसात यायचा. त्याच्या हातात सूर अडकायचा, तिच्या हातात कधीच नाही. तिने सगळा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचला, पण चूक सापडेना.

"ॲप तपासायला येतोस, की...?"

"की काय?"

"...काही नाही."

"तेच काही नाही तपासायला येतो."

ती लाजून स्क्रीनकडे बघायची. स्क्रीनवर मात्र काही दिसायचं नाही.

एके संध्याकाळी दिंडोरीच्या देवळात भजनाला ते ॲप लावायचं ठरलं. हर्षालीच्या ऑफिसच्या मालकीण उज्वलाताई मुद्दाम आल्या होत्या. फोन कर्ण्याला जोडला. अभंग रंगात आला आणि सूर अडकला. सगळ्या गावावर घूं... घूं...

"हर्षाली, हे काय?" उज्वलाताईंनी विचारलं.

जिभेला हाड नसतं. ती बोलून गेली, "ॲप ठीक आहे, ताई. यांचीच बोटं... औषधं फवारून, छाटणी करून राठ झालीत. काचेला कळतच नाहीत."

माणसं हसली. "खंड्या, बैलाचा खूर लावून बघ!" कोणीतरी ओरडलं. खंडूही हसला. मग त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि भजन संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

त्यानंतर तो नाशिकला आला नाही. फोन केला की म्हणायचा, "छाटणी चालू हाय," आणि ठेवून द्यायचा.

एका दुपारी हर्षालीने त्याचीच चाल वाजवून बघितली, अगदी सावकाश, त्याच्यासारखी. त्याचं दुसरं बोट टेकल्याशिवाय पहिलं उठायचं नाही. तिने तसं केलं, आणि तिच्या मऊ बोटांखालीही सूर अडकला.

तिचे कान तापले. काचेवर टेकणाऱ्या प्रत्येक बोटाला फोन एक वेगळी ओळख देतो. ॲप बनवताना तिने ती धरलीच नव्हती, फक्त रांगेतला नंबर धरला होता. शाळेच्या रांगेतला पहिला मुलगा घरी गेला, की दुसऱ्यालाच पहिला समजून हाक मारावी, तसं चाललं होतं. ती स्वतः बोटं एकदम उचलायची, म्हणून तिला कधी दिसलं नाही. दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली. पण त्या संध्याकाळचं बोलणं?

ती दिंडोरीला गेली. खंडू बागेत कात्री घेऊन उभा होता. ती तोंड उघडणार, तोच त्याने हात पुढे केले.

"बरं झालं आलीस. बघ आता."

बोटांची टोकं लालभडक होती. कातडी सोलवटली होती.

"हे काय केलंस?"

"आईची टाचा घासायची वज्री हाय ना... तिनं घासली मी. आता कळतील का काचेला?"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला झालं.

"खंडू... तुझी बोटं बरोबर होती. चूक माझ्या ॲपमध्ये होती."

"तेव्हा ठाऊक नव्हतं तुला?"

"चूक ठाऊक नव्हती. पण ताई समोर होत्या आणि मला माझी अब्रू वाचवायची होती. म्हणून तुझी घेतली."

त्याने कात्री मिटली.

"बोललीस चारचौघांत, आणि माफी वेलांपुढं मागतेस?"

देवळाच्या ओट्यावर मंडळाची माणसं बसली होती. हर्षाली त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हंजे आमी फुकट हसलो म्हण की," म्हातारे कोंडाजीबाबा म्हणाले.

"हो बाबा. माझ्यामुळे."

कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

खंडू तिला स्टँडवर सोडायला निघाला. ती मान खाली घालून चालत होती.

"झालं की आता."

"नाही झालं. लाज जात नाही..."

"राहू दे थोडी. जन्माची थोडीच हाय."

ती थांबली. "खंडू, मला अजून एक सांगायचंय. तेही... चारचौघांत सांगू?"

"ते नको!" तो घाबरून म्हणाला. "ते मला एकट्याला."

तिने सांगितलं, इतकं हळू की त्याला वाकावं लागलं. त्याने हात पुढे केला. तिने तो नुसत्या दोन बोटांनी धरला, मनगटापाशी.

"एवढंच?"

"दुखेल तुला."

"दुखू दे."

तिने हात पूर्ण धरला. वर बघायचं धाडस मात्र स्टँड येईपर्यंत झालं नाही.