शब्द न होणारी अक्षरं

ती चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा काउंटरमागचा तरुण एका भिंगावर तोंडाची वाफ सोडून ते पुसत होता. त्यानं मान वर केली... आणि पुसायचं राहूनच गेलं.

"नंबर काढायचाय," ती म्हणाली. "जरा लवकर. माझी नोकरी जायच्या बेतात आहे."

नोकरी एका साप्ताहिकातली. शेवटच्या पानावरचं इंग्रजी शब्दांचं कोडं ती करायची. तिनं सहा-सात अक्षरं द्यायची आणि त्यांतून होतील तितके शब्द वाचकांनी शोधायचे. त्या काळी घरोघर टीव्ही नव्हते. माणसं अख्खा रविवार अशा कोड्यावर काढायची. पण गेल्या महिन्यात दोनदा घोळ झाला. 'ओ'च्या जागी 'क्यू' छापला गेला आणि मुद्रित तपासताना तिला तो 'ओ'च दिसला. वाचकांनी डोकी खाजवली, मग कार्यालयात रागावलेल्या पत्रांचा ढीग पडला. संपादकसाहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा चुकलात तर कोडं दुसऱ्याकडे."

चष्मेवाल्यानं तिला उंच खुर्चीत बसवलं. नाकावर भिंगं बदलायची जड, गार चौकट ठेवली.

"समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचा."

ती ओळ म्हणजे खरं तर मुंग्यांची रांग. पण पहिला 'टी' कळला, मधला 'बी' कळला आणि उरलेली अक्षरं सवयीनं आपोआप भरली गेली.

"टी, ए, बी, एल, ई," ती धडाधड म्हणाली.

"छान," तो म्हणाला.

चार दिवसांनी चष्मा आला आणि त्याच्यासोबत डोकेदुखी. "अगं, हा चष्मा आहे की शिक्षा?" वहिनी म्हणाली. "सपाट जमिनीवर पायरी असल्यासारखी चालतेयस. जा, परत कर जा त्याला."

ती तणतणत दुकानात गेली. त्यानं तिला पाटीच्या अगदी जवळ नेऊन उभं केलं. शेवटची ओळ होती — टी, एच, बी, एफ, सी.

"यात टेबल नाहीच," तो म्हणाला. "कधीच नव्हतं."

"मग तुम्ही छान कसं म्हणालात?"

"चुकलंच माझं. मी पाटीकडे बघायला हवं होतं."

"मग कुठे बघत होतात?"

तो एक भिंग उचलून पुसू लागला. ते आधीच लख्ख होतं.

अडचण अशी की आता ती ओळ तिला पाठ झाली होती. उलटीसुद्धा. दुकानात दुसरी पाटी नव्हती.

"मी नवीन लिहितो," तो म्हणाला. "अशी अक्षरं, ज्यातून शब्दच निघणार नाही."

"मला कशातूनही निघतो."

"बघू या."

मग रोज संध्याकाळी कार्यालय सुटलं की ती दुकानावरून जायची. रस्ता लांबचा पडायचा, पण पायांना ते कोण सांगणार? तो बाद केलेल्या ओळी कागदावर लिहून ठेवायचा आणि ती उभ्या उभ्या त्यांचे शब्द करायची.

"हे इतकं भरभर कसं सुचतं हो तुम्हाला?"

"अक्षरांकडे टक लावून बघायचं नाही. बघितलं न बघितलंसं करायचं. मग ती आपणच जवळ येतात."

"हं," तो म्हणाला. "ते मला जमतंय हळूहळू."

ती गालातल्या गालात हसली आणि पुढचा कागद मागितला.

त्यानंही कोडं सोडवून पाठवायला सुरुवात केली. त्याच्या कार्डावर कधी तीनच्या वर शब्द नसायचे आणि त्यातल्या एकाचं स्पेलिंग हमखास चुकलेलं. ती कार्डं तिनं वेगळ्या खणात ठेवली. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

बुधवारी पाटी तयार झाली. शुक्रवारी नव्या कोड्याची मुद्रितं यायची होती. त्यानं पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडलं होतं. त्यातून एका वेळी एकच अक्षर दिसायचं.

"अंदाज नाही करायचा," तो म्हणाला. "नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. त्यात लाज कसली?"

"वाय... आर... हे नाही दिसत." त्यानं भिंग बदललं. "के. एम. पुढचं... नाही दिसत." पुन्हा बदललं. "जी. ए. आर."

या वेळी तो पाटीकडेच बघत होता. तिला जरा रागच आला त्याचा.

शुक्रवारी सकाळी नवा चष्मा मिळाला. दुपारी मुद्रितात 'जी'च्या जागी छापलेला 'सी' तिनं पहिल्या नजरेत पकडला. साहेबांनी कागद न्याहाळला आणि "हूं" म्हणाले. साहेबांचं "हूं" म्हणजे इतरांचा हारतुरा. कोडं तिच्याकडेच राहिलं.

आनंदानं ती टेबलापाशी येऊन बसली आणि एकदम तिच्या लक्षात आलं... आता दुकानात जायला काही निमित्तच उरलं नाही. पुढच्या कोड्यासाठी कागद ओढला, तर त्यावर तीच सात अक्षरं उतरली. वाय, आर, के, एम, जी, ए, आर. तिनं त्यांच्याकडे बघितलं न बघितलंसं केलं.

पाच मिनिटांनी ती रस्त्यावर होती.

"तुमच्या ओळीतून शब्द निघतात," दुकानात शिरताच ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "मी उलटसुलट वाचून बघितलं होतं..."

"आर्मी. मार्क. ग्रॅम."

"अरेरे."

"आणि अजून एक आहे. तो तुम्ही शोधा."

त्यानं पाटी काढून काउंटरवर ठेवली. बोट अक्षरांवरून फिरू लागलं. घड्याळ टिकटिकत होतं. ती दाराशी उभी राहून बाहेरची रहदारी मोजत असल्यासारखं दाखवत होती.

"एम..." तो पुटपुटला. "ए... आर, आणि हा दुसरा आर..."

बोट 'वाय'वर थांबलं. त्याचे कान लाल झाले.

"मॅरी," तो म्हणाला.

"अर्थ माहीत आहे ना?"

"लग्न करणं." आवाज जेमतेम ऐकू आला. मग तो घाईघाईनं म्हणाला, "हा मी मुद्दाम नाही हो ठेवला. खरंच."

"ठाऊक आहे. तुमची कार्डं मीच तपासते. तुम्हाला मुद्दाम जमलंच नसतं."

"म्हणजे... नुसती चूकच."

"चूकच," ती म्हणाली. चष्म्याआड तिचे डोळे त्याच्यावर खिळले होते आणि आता तिला त्याची पापणीन् पापणी दिसत होती. "म्हणून म्हणते, आता मुद्दाम विचारा."

त्यानं पाटी बाजूला सारली. "इंग्रजीत माझं काही खरं नाही."

"मग आपल्या भाषेत विचारा."

आणि त्यानं विचारलं. सावकाश, थांबत थांबत... पण एकही अक्षर न चुकता.