लाल पट्टीची टाकी

काडी पाण्यातून वर आला तो बाटलीचं बूच उडावं तसा, आणि शिडी चढून बोटीवर पाय ठेवताच पहिलं काम त्यानं काय केलं असेल, तर तो दंतवैद्यांच्या पायांवर भडाभडा ओकला.

"अरे अरे," दंतवैद्य पाय झटकत म्हणाले, "दात घासून तरी यायचंस."

सगळी बोट हसली. बोटीचा मालक, म्हणजे कप्तान, सगळ्यांत मोठ्यानं हसला. दंतवैद्यांची बायको तोंडावर रुमाल धरून हसली. काडीची मावसबहीण मास्तरीण हसली आणि तिची धाकटी बहीण शेपूट हीसुद्धा हसली, कारण मास्तरीण जे करील ते शेपूट करणारच. तिचं नावच त्यावरून पडलं होतं. आपलं माणूस ओकतंय आणि आपण हसतोय, हे दोघींना कळत होतं. तरी त्या हसल्या. माणसं अशीच असतात, लहान असली तरी.

"डोकं फुटतंय," काडी कसाबसा म्हणाला. "खाली सगळं गरगर फिरायला लागलं."

"भित्री भागूबाई," कप्तान म्हणाला. त्यानं पेटीतून बाळांच्या दंडांना बांधतात ते फुग्यांचे पट्टे काढले, फुंकून फुगवले आणि तेरा वर्षांच्या काडीच्या दंडांत चढवले. "हे घालून बस दिवसभर. बुडायची भीती नको. आणि जरा मागे बस बाबा, इथे लोकांना जेवायचंय."

काडी गेला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन गेला.

ही बोट होती भर समुद्रात, बाहेरच्या कड्यावर. किनाऱ्यावरून अख्खा दिवस बोट हाकली की हा कडा लागतो. तिथे बेट नाही, झाड नाही, पाय टेकायला वीतभर कोरडी जमीन नाही. फक्त लाटा फुटल्याची एक पांढरी रेघ, आणि तिच्याखाली पोवळ्यांचं अख्खं गाव. पाहुण्यांना पाठीवर हवेची टाकी बांधून त्या गावात फिरवून आणायचं काम या मुलांच्या मावशीचं. थोरल्या दोघांना तिनंच पोहण्याच्या तलावात टाकी घेऊन बुडी मारायला शिकवलं होतं. सुट्टी लागली तशी ती तिघांनाही बरोबर घेऊन आली होती. शेपूट अजून नऊ वर्षांची, त्यामुळे तिला खाली जायची परवानगी नव्हती आणि ती हे दर तासाला सगळ्यांना बोलून दाखवत होती.

काडीपाठोपाठ मावशी वर आली. सकाळी पाहुणे उतरलेच नव्हते; दुपारच्या बुडीची जागा पाहायला ती काडीला घेऊन खाली गेली होती. शिडीला धरून ती बराच वेळ तशीच लोंबकळत राहिली. वर आल्यावर बाकावर बसली ती डोकं दोन्ही हातांत धरूनच.

"बाई, तुमचंही तेच?" कप्तान म्हणाला. हसतच म्हणाला. "वय झालं तुमचं, दुसरं काय. दुपारी कड्याच्या बाहेरच्या अंगाला खोल जायचंय. जमत नसेल तर आत्ताच सांगा. पुढच्या फेरीला मी कोणी तरणाताठा बघतो."

"जमेल," मावशी म्हणाली.

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि ओला रुमाल डोळ्यांवर टाकून पडून राहिली. तिचं पोट या कामावर होतं, आणि हे काम तिला पोटापेक्षाही प्रिय होतं. ती नाही म्हणणारच नव्हती.

इकडे काडी बोटीच्या मागच्या टोकाला फुगे घालून बसला होता. तिथे कॉम्प्रेसर चालू होता, दुपारच्या टाक्या भरत होता. पोहून आल्यावर मोकळ्या वाऱ्यात त्याचं डोकं जरा उतरलं होतं. पण तिथे बसल्यावर ते पुन्हा चढायला लागलं. कानशिलं ठणकू लागली. जिभेवर तीच कडवट चव आली. काडी ताठ बसला. समुद्र खाली होता, तो वर होता. भीती वाटण्यासारखं काहीएक नव्हतं, आणि तरीही डोकं अगदी तेच दुखत होतं.

"मास्तरणे, इकडे ये," त्यानं हाक मारली.

"नको रे बाबा, माझे पाय आताच धुतलेत."

"मस्करी पुरे. इथे बस. बोलू नकोस, नुसती बस."

मास्तरीण बसली. ती बसली म्हणून शेपूटही बसली. थोड्या वेळानं मास्तरणीनं कपाळ चोळलं, आणि मग शेपटीनं.

"दुखतंय ना?" काडी म्हणाला. "मघाशी पाण्यात अगदी असंच दुखत होतं. आता सांग, मी भित्रा आहे का?"

मास्तरणीनं मान वळवली. ती कॉम्प्रेसरकडे बघत होती. त्याच्या इंजिनाचा धूर डेकवर रेंगाळत होता आणि हळूहळू एका खांबाकडे सरकत होता. त्या खांबाला हवा आत ओढणारी नळी बांधलेली होती. नळी इमानेइतबारे धूर ओढत होती आणि तो टाक्यांत भरत होती.

"पण परवाही टाक्या इथेच भरल्या," मास्तरीण म्हणाली. "काल त्याच घेऊन सगळे खाली गेले. कोणालाच काही झालं नाही."

"परवा बोट फिरत होती," शेपूट म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "खरंच. माझ्या पुस्तकावर सारखं ऊन यायचं, मी सारखी जागा बदलत होते. मग काल कप्तानकाकांनी मागूनही दोर बांधला, तेव्हापासून ऊन हलतच नाही."

झालं. कोडं सुटलं, आणि सोडवलं कोणी तर शेपटीनं. एकाच नांगरावर उभी असलेली बोट वाऱ्याकडे तोंड करते, धूर मागच्या मागे निघून जातो. कप्तानानं मागचा दोर एका पोवळ्याच्या खडकालाच आवळून बोट जखडली होती. का, तर पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलावर सावली राहावी. आता वारा येत होता आडवा.

तिघं कप्तानाकडे धावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि काडीच्या दंडावरचा फुगा दाबून बघितला.

"विज्ञानात किती मार्क पडतात रे तुला? काही होत नाही. वीस वर्षं टाक्या भरतोय मी."

मग ती मावशीकडे गेली. मावशी तडक उठली. तिनं मागे जाऊन धूर पाहिला, नळी पाहिली आणि कप्तानाला गाठलं. पण कप्तान पक्का बेरकी.

"बाई, मीही रोज खाली उतरतो की नाही? आज सकाळीही उतरलो. हवा वाईट असती तर आधी मी आडवा झालो असतो. माझं दुखतंय का डोकं? मग? स्वतःला झेपत नाही आणि खापर माझ्या कॉम्प्रेसरवर."

मावशीनं पुन्हा एकदा नळीकडे पाहिलं. दंतवैद्यही मान डोलावून म्हणाले की मुद्दा बिनतोड आहे. मावशी दुपारची तयारी करायला लागली.

मास्तरीण मात्र पांढरीफटक पडली होती. तलावावर शिकवताना मावशीनंच त्यांना सांगितलं होतं: खराब हवेनं वर असताना नुसतं डोकं दुखतं, पण खोल गेलं की तीच हवा कितीतरी पटींनी भिनते. माणूस गुंगतो, तोंडातली नळी सुटते आणि त्याला कळतही नाही. आणि मावशी आज सगळ्यांत खोल जाणार होती.

"काकांना का नाही होत काही?" मास्तरीण पुटपुटली.

"कारण ते त्यातली हवा घेतच नाहीत," काडी म्हणाला. "मी पाण्यातून आल्यापासून तिथेच बसलोय. लाल पट्टीच्या टाक्या त्यांच्या. त्यांच्या खोलीखाली वेगळ्या ठेवल्यात, किनाऱ्यावरून भरून आणलेल्या. त्यांतली एकही इथे भरायला आली नाही."

म्हणजे हा निष्काळजीपणा नव्हता. त्या माणसाला माहीत होतं.

जेवणं चालू असताना तिघं बोटीच्या मागच्या बाजूला होती. तिथे काय झालं ते नंतर कळेल.

दुपारी सगळे टाक्या बांधून शिडीपाशी उभे राहिले. मावशीचे ओठ अजून फिकेच होते. दंतवैद्य बायकोचा मास्क नीट करत होते. कप्तान चित्रण करणार होता. त्यानं कॅमेरा गळ्यात अडकवला, नळी तोंडात धरली, दोन दमदार श्वास घेतले आणि बोटांनी 'ठीक' अशी खूण केली.

"काका, एक सांगायचं राहिलं," काडी मोठ्यानं म्हणाला. "जेवताना आम्ही तुमच्या टाकीची लाल पट्टी काढून दुसरीला लावली. तुमच्या पाठीवर आहे ती आज इथे भरलेली."

कप्तानानं नळी थुंकली. थुंकली म्हणजे भिरकावलीच. गाल फुगवून आत गेलेला श्वासही बाहेर फेकला. "मूर्ख कार्ट्यांनो, जीव घेता का माझा?"

दंतवैद्यांचा हात बायकोच्या मास्कवरच थांबला.

"म्हणजे त्या हवेनं जीव जातो का, काका?" मास्तरणीनं विचारलं.

कप्तान पाठीवरच्या टाकीचे पट्टे सोडायला लागला.

"आम्ही पट्टी बदललेलीच नाही," ती म्हणाली. "तुमच्या पाठीवर तुमचीच टाकी आहे."

चोराच्या मनात चांदणं, ते असं. दंतवैद्यांनी बायकोच्या तोंडातली नळी स्वतःच्या हातानं ओढून काढली. मावशी कप्तानासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या पाठीवर कुठली टाकी आहे, कप्तान?"

"बाई, तुम्हाला सवय आहे," कप्तान म्हणाला. "दोनच दिवसांचा प्रश्न होता. पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून..."

मावशीनं पट्टे सोडले. टाकी धाडकन डेकवर पडली. तिनं मागचा दोर सुरीनं कापला आणि बोट सावकाश वाऱ्याकडे वळली, टेबलावर रणरणीत ऊन आलं. मग तिनं एकेक टाकी उघडून सगळी हवा सोडून दिली. दंतवैद्यांनी वायरलेसवर बंदराच्या अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं सांगितलं की सुकाणू बाईंच्या हाती द्या, कप्तानाला आम्ही धक्क्यावर बघतो.

परतीच्या वाटेवर मुलांच्या कौतुकाला नुसतं उधाण आलं. "काय डोकं चालवलंत रे," दंतवैद्य म्हणाले. त्यांनी सकाळच्या हसण्याबद्दल काडीची माफी मागितली. दंतवैद्यांच्या बायकोनं तर तिघांचे मुके घेतले. कप्तान एकटाच दूर दोरांच्या गुंडाळीवर बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

"पण समजा, खरंच बदलली असती पट्टी, तर?" दंतवैद्य हसत म्हणाले. त्यांचा हात काडीच्या खांद्यावर होता.

काडीनं दूर बसलेल्या कप्तानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बदलणारच होतो."

सुकाणूवरच्या मावशीनं वळून पाहिलं.

"पट्टी माझ्या हातात होती," काडी म्हणाला. "मावशीच्या टाकीशी बदलायची, काकांना खाली जाऊ द्यायचं आणि काही बोलायचं नाही, असं मी म्हणालो. मास्तरीण हो म्हणाली."

"मग?"

"शेपूट रडायला लागली. टाकीवर बसली आणि उठेचना."

दंतवैद्यांनी हात काढून घेतला. मास्तरीण नखं कुरतडत होती. शेपटीला वाटलं, आता आपल्यालाच ओरडा बसणार.

मावशीनं सुकाणू सरळ केलं. "कप्तानही पूर्वी असा नव्हता," ती म्हणाली. "कधीतरी पहिल्यांदा गप्प बसला असेल, आणि काही झालं नसेल. मी वाचले ते तुम्हा तिघांमुळे. पण तुम्ही दोघं वाचलात ते हिच्यामुळे. आजची शाबासकी शेपटीची."

शेपटीनं लगेच विचारलं, की मग पुढच्या सुट्टीत मला खाली नेशील का. मावशी म्हणाली, बघू.

काडी उठला. त्यानं माठातून ग्लासभर पाणी घेतलं आणि बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन कप्तानापुढे धरलं. दुपारपासून त्याला कोणी पाणीही विचारलं नव्हतं. कप्तानानं ग्लासाकडे पाहिलं, मग काडीकडे पाहिलं.

"आधी तू पी," तो म्हणाला.

काडीनं एक घोट घेतला आणि ग्लास पुन्हा त्याच्यापुढे धरला.