पकडीच्या खुणा

तिची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तिच्या भावाच्या घरात सिंकखाली होतो. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून तिच्या वहिनीने मला बोलावलं होतं. मी प्लंबर, चोवीस वर्षांचा. पाणी बंद करायला आत शिरलो, तर वरून आवाज आला, "झोप लागली की काय?"

घाईने बाहेर येताना डोकं आपटलं. ती हसली... आणि मग हसल्याबद्दल ओशाळली. ती एका शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

मी वॉशर बदलला, नट आवळला आणि निघालो. आठ दिवसांनी परत बोलावणं – नळ गळतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दाराला टेकून वहिनीला सांगत होती की मिस्त्री अजून शिकाऊ दिसतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझा मालक उखडला, आता तक्रार आली तर तिकडे दुसऱ्याला पाठवीन म्हणाला.

त्या तिसऱ्या खेपेला मी नट उजेडात नीट बघितला. पितळेवर दातांच्या बारीक खुणा होत्या. मी पाना वापरतो आणि माझ्या पान्याला दात नाहीत. दात असतात पकडीला. वहिनी बाहेर कपडे वाळत घालत होती. मी हळूच म्हणालो,

"पुढच्या वेळी पान्याने सैल करा. पकडीने खुणा राहतात."

ती कानापर्यंत लाल झाली. ओट्याकडे बघतच म्हणाली,

"दादाच्या खणात पाना नव्हता..."

"आणून देऊ?"

"पाना नको," ती म्हणाली. "तुम्हीच येत जा – नळ नीट असला तरी."

सहा महिन्यांत लग्न झालं. नळाला माणूस बोलावला तर तो नणंदच घेऊन गेला, असं तिची वहिनी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगायची.

गोष्ट इथे थांबवली तर गोड वाटेल. पण तिला जाऊन आता वर्ष झालं, आणि पुढचंही मलाच सांगायला हवं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मी स्वतःचा धंदा काढला होता, हाताखाली दोन माणसं होती. आमच्याच सिंकचा नळ ठिबकायला लागला. तिने सांगितलं, मी रविवार म्हणालो. असे किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. तिचं हृदय तोवर कमजोर झालं होतं, दोन जिने चढली की धाप लागायची. ती दिवसभर घरातच असायची. शेवटी मी हाताखालचा एक माणूस पाठवला. तिने त्याला दारातूनच परतवून लावलं, नळ ठीक आहे म्हणाली. घरी आल्यावर मी तिच्यावर आवाज चढवला – माणसाला उगाच हेलपाटा, आणि त्याच्यासमोर माझं हसं. आवाज येऊ नये म्हणून तिने थेंबाखाली फडकं ठेवलं.

मग एका सकाळी मी नळाशी बसलो एकदाचा. ती स्टूल ओढून जवळ आली, आणि लहानपणीच्या एका मैत्रिणीचं काहीतरी सांगायला लागली. मी हूं हूं करत होतो. दहा मिनिटांचं काम. मी पाने गोळा केले.

"बसा ना जरा," ती म्हणाली. "झालं की लगेच उठायलाच हवं का?"

लोक खोळंबलेत, मी म्हणालो.

तिला नळाचं काही पडलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी हे मला एका नटावरून कळलं होतं.

त्यानंतर अठराव्या दिवशी ती गेली. नळ दुरुस्त केला त्या सकाळी मला कुणाच्या घरी पोचायची एवढी घाई होती, ते मी पुष्कळ आठवून बघतो. आठवत नाही.