सीमा सिस्टरची ड्यूटी

खाटा जवळ ओढा आणि मोबाइल खिशात घाला. खुशालराव एकदाच सांगतो, पुन्हा विचारायचं नाही. आरती म्हणजे माझ्या साळ्याची सून, अकोल्याकडे नर्स आहे. तिच्या तोंडून ऐकलं तेच सांगतो, पदरचं तिखटमीठ नाही.

दोन हजार एकवीस. सत्तावीस एप्रिल, मंगळवार, हनुमान जयंती. संध्याकाळी ड्यूटीला जाताना आरती पातुरात पार्वताबाईंच्या घरी थांबली. त्यांची लेक सीमा, आरतीच्याच वॉर्डातली नर्स, बारा दिवसांपूर्वी कोरोनानं गेली होती. तिची बॅग लॉकरमध्ये राहिली होती, ती द्यायची होती. म्हातारीनं बॅग छातीशी धरली आणि विचारलं, "अंगात ताप असून माही पोरगी ड्यूटीवर काहून गेली वं?"

सीमानं त्या दिवशी आरतीलाच फोन केला होता, आजची रात्र माझ्या जागी कर म्हणून. आरती सलग चार रात्री करून आलेली, पाय सुजलेले. तिनं नाही म्हटलं. तुम्ही-आम्ही काय वेगळं म्हटलं असतं?

वॉर्ड म्हणजे कोरोनासाठी घेतलेलं रोडवरचं एक वसतिगृह. बावीस रुग्ण आणि नर्स एकटी. डोक्यापासून पायापर्यंतच्या पीपीई किटमध्ये माणूस ओळखू येत नाही म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहायची रीत. किट चढवलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. सात नंबरवर केशरबाई, ऑक्सिजनवर. तिचा सिलिंडर तीनच्या सुमारास संपणार, आणि बदलणारा माणूस स्वतःच आजारी पडलेला. म्हणजे तेही आरतीच्याच गळ्यात. डोळा लागला तर म्हातारी गेली. आरतीला रात्रभर त्या एकाच गोष्टीची धास्ती होती.

पावणेतीन वाजले. ती भिंतीला टेकली. उभ्या उभ्याच डोळे मिटायला लागले.

सात नंबरपाशी कोणीतरी उभं होतं. किटमध्ये. पाठमोरं.

आरतीला वाटलं, बदलीची सिस्टर पाठवली, सुटले बाई. ती जवळ गेली...

पाठीवर नाव होतं. सीमा.

ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे तेवढे ऐकू येत होते...

ती वळली नाही. पाठमोरीच बोलली. हळू.

"झोप, आरती. तुही रात्र मी करतो."

...

जाग आली तेव्हा साडेपाच झाले होते. आरती खुर्चीत होती. खुर्चीत कधी बसली, तिला आजही सांगता येत नाही. ती धावत सात नंबरला गेली. केशरबाई झोपलेली, छाती वर-खाली होत होती. सिलिंडर नवा लागलेला. आरती तिथंच फरशीवर बसून रडली. मला म्हणाली, मामंजी, सीमानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती किट उतरवायच्या खोलीत गेली. रात्री वॉर्डात किट घालून गेलेली बाई एकच, आरती. तरी वापरलेली किटं टाकायच्या, रात्री रिकाम्या करून ठेवलेल्या पिवळ्या पिशवीत एक किट आधीच पडलेलं होतं. सफाईचा देवमन तिथं होता. त्यानं हातमोज्यांनी ते उचललं, उलटं केलं आणि आत हात फिरवून पाहिला.

एप्रिलातला अकोला, पोरांनो. सहा तासांनी किट उतरवलं की बुटांतून घाम ओतावा लागतो.

ते किट आतून कोरडं होतं.