कोळंबीचं पथ्य

आयुर्भरण झालेल्या प्रत्येकाला पथ्याचा कागद मिळायचा. वेदांत रेडकरांच्या कागदावर एकच ओळ होती: कोळंबी खायची नाही. मालवणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करत जन्म काढलेल्या माणसाला ही शिक्षाच होती. पण जीव वाचला होता, म्हणून तीन वर्षं त्यांनी पथ्य पाळलं.

मग त्यांची बायको सानिका गेली. छप्पन्न वर्षांची होती. रक्त बनायचं थांबलं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तेरा दिवस घरात मासळी शिजली नाही. चौदाव्या दिवशी सानिकाचा भाऊ तन्मय डबा घेऊन आला.

"खा भावोजी. ताई होती तोवर या घरात कोळंबी आणायची सोय नव्हती."

"मला पथ्य आहे रे."

"कसलं पथ्य? तीन वर्षं झाली. दोन खा."

त्यांनी दोनच खाल्ल्या. थोड्या वेळात ओठ सुजले, मानेवर लाल गांधी उठल्या. तन्मयच्या हातातला घास तसाच राहिला.

"भावोजी," तो म्हणाला, "हे ताईचं आहे. ताईला अस्संच व्हायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडकर सुजलेल्या ओठांनी आयुर्भरण केंद्रात डॉ. कावेरींसमोर उभे राहिले.

आयुर्भरणात नवं काहीच तयार होत नसे. माणसाचं रक्त हाडांतल्या मूळपेशींपासून बनतं. या पेशी ठरावीक वेळाच दुभंगतात. दर वेळी त्यांच्या आतला एक धागा आखूड होतो, तासून तासून पेन्सिल संपावी तसा. हा धागा वाढवणं कुणालाच जमलं नाही. पण एकाच्या मूळपेशी काढून दुसऱ्याच्या हाडांत रुजवणं जमलं. घेणाऱ्याला देणाऱ्याची उरलेली वर्षं मिळत. देणाऱ्याकडे दोन-तीन वर्षांपुरतं ठेवत. कायद्याला देणाऱ्याची सही पुरेशी होती, आणि त्याचं नाव गुप्त राही.

"रक्ताबरोबर रक्ताच्या खोडीही येतात," कावेरी म्हणाल्या. "त्यांना कोळंबी सोसत नव्हती. आता तुम्हाला सोसत नाही."

"तुम्ही दोघींनी मिळून मला फसवलंत."

"हो."

रेडकरांना आपल्या आजारपणाचे दिवस आठवले. त्यांच्या थोरल्या भावाने तेव्हा पेशी द्यायला नकार दिला होता. त्याच्याशी बोलणं त्यांनी तोडलं होतं. आल्यागेल्याला ते सांगत, "सख्ख्या भावाने पाठ फिरवली, पण परक्या माणसाने जीव दिला. असे लोक आहेत अजून!" हे सांगताना सानिका चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची. जिना चढताना तिला धाप लागायची, तेव्हा ते म्हणायचे, "माझ्याकडे बघ. तू अगदीच म्हातारी झालीस."

"बाहेरचं ते चित्र आठवतं?" कावेरींनी विचारलं.

आठवत होतं. ग्रीक राजा ॲडमीटस. त्याच्याऐवजी दुसरं कुणी मेलं तर त्याचं मरण टळणार होतं. म्हाताऱ्या आईबापांनी नाही म्हटलं, बायको तयार झाली. तीन वर्षांपूर्वी कावेरींनीच त्यांना ही गोष्ट सांगितली होती. तेव्हा रेडकर ताडकन म्हणाले होते, "निर्लज्ज राजा! जाऊ कसं दिलं तिला?" शेजारी सानिका त्यांच्यासाठी मोसंबं सोलत बसली होती.

"ग्रीक लोक अशा उद्दामपणाला हुब्रिस म्हणत," कावेरी म्हणाल्या. "माणसाने आपली पायरी विसरून देवाच्या जागी बसणं. आम्हीही तिथे बसलो."

"मला नकोत तुमचे ग्रीक! हे परत घ्या. काढा माझ्यातून."

"घेणार कोण? त्या आता नाहीत. तुमच्याकडे अजून एकवीस वर्षं आहेत."

"निदान मला सांगायचं तरी! एकदा तरी!"

कावेरींनी कपाटातून संमतीपत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. खाली सानिकाचं वळणदार अक्षर होतं. 'नाव गुप्त ठेवण्याबाबत सूचना' या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'त्यांनी विचारलं तर सांगा.'

"तुम्ही सात वेळा तपासणीला आलात," कावेरी हळूच म्हणाल्या. "दर वेळी विचारलंत, कोळंबी कधी खाता येईल?"

रेडकर बाहेर आले. चित्राखालच्या बाकावर एक पिवळा पडलेला माणूस बसला होता. शेजारी त्याची बायको मांडीवर फाईल धरून बसली होती.

"काका, तुमचं झालंय ना?" माणसाने विचारलं. "माझं उद्या आहे. पथ्य फार असतं का हो?"

रेडकरांनी त्या बाईकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि कुणाला कळेल न कळेल अशी मान हलवली. नाही.

"देणारा कोण आहे?" रेडकरांनी विचारलं.

"गुप्त असतं म्हणे. आपल्याला काय करायचंय?"

"बायकोला विचार."

"हिला?" तो माणूस मनापासून हसला. "हिला काय कळतंय त्यातलं!"